एक्सपोजरवर मेसचं बिल भागत नाही

‘अरे, छोटंसं काम आहे. तुला काय, अर्ध्या तासाचं! आत्ता बजेट नाहीये, पण एक्सपोजर मस्त मिळेल.’ कॉलेजात असताना थोडंफार लिहिणाऱ्या, पोस्टर करणाऱ्या किंवा रील एडिट करून देणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. आपणही हो म्हणतो. ओळखीचा माणूस असतो, नाही म्हणायला जड जातं आणि ‘आपण काय अजून प्रोफेशनल थोडेच आहोत’ असंही वाटत असतं. पण आज पॉकेटमनीसाठी केलेली ही कामंच उद्याचं करिअर ठरू शकतात. ती तशी ठरायची असतील तर कला येणं पुरेसं नाही. हिशोबही यायला हवा.

ब्लॉग म्हणजे दुकानाची पाटी

ब्लॉग सुरू केला की जाहिरातींचे पैसे सुरू, असा एक गोड गैरसमज आहे. गूगल अ‍ॅडसेन्सच्या खात्यात १०० डॉलर जमा होईपर्यंत पैसे बँकेत येतच नाहीत. समजा, हजार व्ह्यूजमागे एक डॉलर मिळाला, तरी पहिल्या पेमेंटसाठी लाखभर व्ह्यूज लागतील. नव्या ब्लॉगला तिथवर पोहोचायला किती महिने लागतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग ब्लॉग लिहायचा कशाला? तर तो तुमचं काम दाखवतो म्हणून. ‘मी चांगलं लिहिते’ असं सांगण्यापेक्षा दहा चांगल्या लेखांची लिंक पाठवणं कधीही सोपं. कमाई होते ती ते लेख वाचून आलेल्या कामातून. कुणाला वेबसाइटचा मजकूर हवा असतो, कुणाला भाषांतर, कुणाला सबटायटल्स, तर कुणाला महिन्याच्या सोशल मीडिया पोस्ट. ब्लॉगकडे दुकानाची पाटी म्हणून बघा. पाटी गल्ला भरत नाही, पण तिच्याशिवाय गिऱ्हाईक आत येत नाही.

विषय तुमच्या वहीतच आहे

‘ट्रॅव्हल, फूड, लाइफस्टाइल’वर लिहिणारे ढिगाने आहेत. त्यात एखादा गुळगुळीत लेख एआय काही सेकंदांत लिहून देतं. मग तुमच्याकडे वेगळं काय? तुम्ही जे शिकताय आणि जे रोज बघताय, ते. राहुरीत कृषी शिकणारा मुलगा माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा, हे शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत लिहू शकतो. असे आठ-दहा लेख हातात असले की खत, बियाणं किंवा ठिबकच्या कंपनीकडे जाऊन ‘तुमची माहितीपत्रकं मी करून देतो’ असं म्हणता येतं. बीकॉमची मुलगी किराणा दुकानदारांसाठी जीएसटी सोपा करून सांगू शकते. तिला पहिलं काम गावातल्या सीएच्या ऑफिसातूनही मिळू शकेल.

आणि मराठीला कमी लेखू नका. बँकेच्या अ‍ॅपवर किंवा औषधाच्या जाहिरातीत ओढूनताणून केलेलं मराठी भाषांतर आपण सगळ्यांनीच वाचलंय आणि त्याला हसलोयही. ते नीट करून देणारा माणूस लागतो. तो माणूस तुम्ही होऊ शकता.

रेट कसा ठरवायचा?

‘लेखाचे ४०० रुपये देतो’ असं कुणी म्हटलं की पहिल्यांदा भारी वाटतं. आता तास मोजा. माहिती गोळा करायला एक तास, लिहायला दोन, फोन आणि दुरुस्त्यांमध्ये आणखी एक. झाले चार तास, म्हणजे तासाला १०० रुपये. त्यातून नेट, वीज आणि लॅपटॉपचा खर्च वजा करा. फ्रीलान्स साइटवरून काम घेत असाल तर त्यांचं कमिशनही वजा करा. फाइव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. तुमच्या एका तासाची किंमत आधी ठरवा, मग त्यावरून कामाचा रेट काढा. आणि ‘दोन दुरुस्त्या मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे’ हे आधीच सांगा. नाहीतर लोगोचा रंग सतरा वेळा बदलून देताना सबमिशन बोंबलतं.

फुकट काम कधीच करू नये का? करा, पण कुणासाठी ते तुम्ही ठरवा. एखाद्या संस्थेचं काम मनापासून पटतंय, त्यातून नवीन काही शिकायला मिळतंय, तर जरूर करा. समोरचा त्या कामातून पैसे कमावणार असेल, तर त्यात तुमचाही वाटा असला पाहिजे.

‘करतो ना पेमेंट!’

सगळ्यात जास्त फ्रीलान्सर इथेच खचतात. काम दिलेलं असतं, दोन महिने होतात, मेसेजवर ब्लू टिक दिसते आणि उत्तर येत नाही. यावर पहिला उपाय म्हणजे ३० ते ५० टक्के अ‍ॅडव्हान्स. दुसरा उपाय लेखी बोलणीचा. वकिली करारच हवा असं नाही. काय काम, किती पैसे, कधी द्यायचं, पैसे कधी मिळणार, एवढं ईमेलवर लिहून समोरच्याचं ‘ओके’ घेतलं तरी पुढे पुरावा राहतो.

तिसरा उपाय फारसा कुणाला माहीत नसतो. आधार आणि पॅन असेल तर ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी करता येते. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. मात्र नोंदणी काम सुरू करण्याआधी केलेली हवी. पेमेंट अडकल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

हक्कांचंही तसंच. कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सर म्हणून लिहिलेल्या लेखाचे पहिले मालक तुम्हीच असता. ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. त्यामुळे ‘पूर्ण पेमेंटनंतर हक्क तुमचे’ ही एक ओळ बिलावर टाका. ऑर्डर घेऊन काढलेल्या फोटोंचं आणि व्हिडिओंचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातात.

घरचे विचारतात, ‘नोकरी कधी?’

हा प्रश्न चुकीचा नाही. फ्रीलान्सिंगमध्ये एक महिना भरलेला जातो आणि पुढचा कोरडा. पीएफ नाही, पगारी रजा नाही, आजारी पडलात तर कमाई बंद. म्हणून घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना वही दाखवा. कुठून किती आले, किती अडकलेत, किती शिल्लक आहेत, हे त्यात दिसू द्या. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल आणि दोन-तीन क्लायंट पुन्हा पुन्हा काम देत असतील, तर पूर्णवेळ फ्रीलान्सिंगचा विचार करायला हरकत नाही. तोवर डिग्री आणि काम हातात हात घालून चालू द्या. परीक्षेच्या तारखा क्लायंटला महिनाभर आधी सांगितल्या तर चांगला क्लायंट थांबतो. जो थांबत नाही, तो पुढेही त्रासच देणार.

एवढं लक्षात ठेवा

- १८ वर्षं पूर्ण नसतील तर तुम्ही केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. व्यवहार पालकांना सोबत घेऊनच करा.
- एखाद्या कंपनीने वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त प्रोफेशनल फी दिली तर १० टक्के टीडीएस कापला जातो. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.
- पेड पोस्ट करताय? मग ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहा. त्याने वाचकांचा विश्वासही टिकतो.
- काम देण्याआधीच ‘रजिस्ट्रेशन फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणारा क्लायंट नसतो, भामटा असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.
- प्रत्येक कामाचं बिल बनवा, अगदी ३०० रुपयांचं असलं तरी. मित्राच्या दादाचं असलं तर नक्कीच!