भीम लढतो, चुटकी लाडू देते: पडद्यावरून मुलं नेमकं काय शिकतात?

2008 पासून ‘छोटा भीम’ घराघरात पोहोचलं. भीम ढोलकपूर वाचवतो, चुटकी त्याला लाडू देते. चुटकी हुशार आहे, वेळ आली तर लढतेही. पण तिचं नाव घेतलं की आधी आठवतात ते लाडूच.

एका कार्टूनमुळे मूल बिघडत नाही. पण तेच चित्र रोज, सगळीकडे दिसलं तर?

जाहिरातींत काय दिसतं?

युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूटने 2019 मध्ये भारतात दाखवलेल्या हजारहून जास्त जाहिराती तपासल्या. 2021 मध्ये आलेला त्यांचा अहवाल सांगतो की, पडद्यावरचा 59.7 टक्के वेळ मुली आणि बायकांना मिळाला. बोलण्यातही त्याच पुढे.

मग अडचण काय? त्या बहुतेक वेळा साफसफाईच्या वस्तू, खाण्याचे पदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनं विकत होत्या. म्हणजे बाई भरपूर दिसते, पण ठरलेल्या जागीच.

याचा मुलांवर परिणाम होतो का?

मुलं सांगण्यापेक्षा बघून जास्त शिकतात. अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ‘खूप खूप हुशार’ कोण, असं विचारल्यावर पाच वर्षांच्या मुली बाईकडे बोट दाखवायच्या, मुलगे पुरुषाकडे. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घटलं. शाळेत चांगले मार्क मुलींनाच मिळतात, हे त्यांना मान्य होतं. तरीही ‘खूप हुशार मुलांसाठी’ असलेला खेळ खेळायला त्या मागे राहिल्या.

याचं खापर एकट्या टीव्हीवर फोडता येणार नाही. घर, शाळा, नातेवाईक सगळेच शिकवत असतात. ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य कार्टूनच्या आधी घरात ऐकू येतं.

चित्र बदलतंय का?

थोडं थोडं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघंही भाजी निवडताना दिसले. 2022 मध्ये जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआयने लिंगभेदी साचे टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली.

आपण काय करू शकतो?

रिमोट हिसकावून काही होणार नाही. शेजारी बसा आणि सहज विचारा, ‘भीमने एकदा चुटकीसाठी लाडू केले तर?’ मूल हसेल. मग विचार करायला लागेल.

आणि हो, त्या दिवशी स्वयंपाकघरात बाबा दिसले, तर पुढचं काही समजवावं लागणार नाही.