घाणा, आगगाडी आणि दूरध्वनी : बेने इस्राएलांच्या मराठीतील दृष्टांतविचार

कोकणातील बेने इस्राएल समाजास पूर्वी 'शनिवार तेली' असे म्हणत, ही गोष्ट अनेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु या दोन शब्दांच्या जोडणीत भाषेच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असे बरेच काही आहे. हे नाव त्या समाजाने स्वतः घेतलेले नसून शेजाऱ्यांनी दिलेले होते. यहुदी धर्मग्रंथ कोणते, त्यांची उपासना कशी, हे कुलाबा जिल्ह्यातील गावकऱ्यांस माहीत नव्हते. त्यांना दिसत होते ते एवढेच की, तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवतात. सोमवारी घाणा बंद ठेवणारे शिवभक्त तेली ते 'सोमवार तेली', म्हणून हे 'शनिवार तेली'. एका समाजाचा संपूर्ण धर्म अशा रीतीने एका यंत्राच्या चालण्या-थांबण्यावरून ओळखला गेला.

नित्याच्या वस्तूत आणि नव्या यंत्रात धर्मबोध शोधणे ही यहुदी परंपरेतील जुनी रीत आहे. ती मराठीत कशी वावरली आणि आजच्या यंत्रयुगात तिचे काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. माशाल आणि दृष्टांत

हिब्रू परंपरेत बोधकथेचे दोन भाग मानतात. व्यवहारातील वस्तू वा प्रसंग सांगावयाचा तो 'माशाल', आणि त्यातून ज्याचा बोध घ्यावयाचा तो 'निमशाल'. मराठी वाचकास ही घडण परकी वाटण्याचे कारण नाही. महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे. हत्ती, आंधळे, भिकारी, गुराखी अशा ओळखीच्या जगातून तेथे तत्त्वज्ञान उलगडते. कीर्तनकारही हेच करतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात बेने इस्राएलांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी कीर्तनातून गावयास आरंभ केला, तेव्हा त्यांना नवा साचा घडवावा लागला नाही. माशालास लागणारे घर मराठीत आधीच बांधलेले होते.

अलंकारशास्त्र उपमा आणि दृष्टांत यांत भेद करते. उपमेत 'सारखा', 'प्रमाणे' असा वाचक शब्द असतो. दृष्टांतात दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतील बिंबप्रतिबिंबभाव श्रोत्याने ओळखावयाचा असतो. याचा एक परिणाम असा की, वस्तूचे व्यवहारातील वर्तन सांगणाऱ्यास नीट ठाऊक नसेल, तर दृष्टांत कोसळतो. ही कसोटी आपणांस पुढे उपयोगी पडेल.

२. घाण्याचा बैल

'घाण्याचा बैल' हा मराठीतील वाक्प्रचार न संपणाऱ्या कष्टाचा वाचक आहे. डोळ्यांस झापड, मानेवर जू, आणि दिवसभर चालूनही जेथल्या तेथे. शनिवार तेल्याच्या घरचा बैल मात्र शुक्रवारच्या तिन्हीसांजेपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत जुवातून मोकळा असे. शब्बाथाच्या आज्ञेत केवळ घरधन्यास विश्रांती सांगितलेली नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, दारी आलेला परका आणि बैल-गाढव यांचीही गणना त्या आज्ञेत आहे.

यापुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मिश्नेत शब्बाथ दिवशी वर्ज्य अशी ३९ मूळ कर्मे सांगितली आहेत. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, दळण, शिवण, लेखन, अग्नी पेटविणे इत्यादी. त्यांत 'तेल गाळणे' हा शब्द नाही. परंतु मळणी म्हणजे टरफलातून दाणा वेगळा करणे. त्या न्यायाने फळातून वा बीजातून द्रव पिळून काढणे हे मळणीचेच अपत्य ठरविले गेले. द्राक्षे आणि ऑलिव्ह यांचे पिळणे ही त्याची ठळक उदाहरणे. म्हणजे कोकणातील तेल्याने घाणा थांबविला, तो आपल्या धंद्याच्या अगदी गाभ्यावर हात ठेवून. त्याच्याजवळ ग्रंथ नव्हते, परंतु आचार होता. आणि तो आचार शेजाऱ्यांच्या भाषेत नाव होऊन बसला.

या समाजातील सणांची जुनी मराठी नावेही अशीच घरगुती वस्तूंवरून पडली आहेत. वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेले पदार्थ वर्ज्य असतात. त्या सणास आंबट पाण्याच्या 'अनशी'चे मडके झाकून ठेवण्यावरून 'अनशी ढाकण्याचा सण' म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून दिवसभर घरात उपवास करीत, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. हिब्रू परंपरेत त्याच दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेस 'नेईला' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही 'बंद होणे' असाच आहे. तेथे दारे स्वर्गाची आहेत, येथे कौलारू घराची. एकाच दिवसास दोन भाषांनी दार बंद होण्याचीच खूण द्यावी, हे सुंदर साम्य आहे. त्यांपैकी एक नाव दुसऱ्याचे भाषांतर आहे असे मात्र यावरून म्हणता येणार नाही.

३. आगगाडी आणि कचेरी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. रेल्वे, पलटण, डाक-तार आणि सरकारी कचेऱ्या यांत बेने इस्राएल मंडळी मोठ्या संख्येने शिरली. ठाण्यात १८७९ साली त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्याचे नाव 'शाआर हाशामाईम', म्हणजे 'स्वर्गाचे दार'.

परंतु या प्रगतीत एक पेच होता. घाणा स्वतःचा होता, तोवर शनिवारी तो थांबविणे आपल्या हाती होते. वेळापत्रक आणि हजेरीपट आपल्या हाती नव्हते. कचेरीची सुटी रविवारची. ज्या समाजाची ओळखच शनिवारच्या थांबण्यावरून झाली, त्यास पोटासाठी शनिवारी कामावर जावे लागले. यंत्र बदलले म्हणजे धर्माचरणाची अट कशी बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

याच काळात युरोपातील यहुदी गुरूही नव्या यंत्रांकडे पाहत होते. बुकोविना प्रांतातील सादिगुरा येथील हसिदी गुरू अब्राहाम याकोव (१८२०–१८८३) यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. मनुष्याने केलेल्या प्रत्येक वस्तूपासूनही काही शिकता येते असे ते म्हणाले, तेव्हा एका शिष्याने थट्टेच्या सुरात विचारले की, आगगाडी काय शिकविते? एका क्षणाच्या उशिराने सर्व हातचे जाते, हे. तार काय शिकविते? प्रत्येक शब्द मोजला जातो आणि त्याचे मोल द्यावे लागते, हे. आणि दूरध्वनी? आपण येथे बोलतो ते तेथे ऐकू जाते, हे.

वर सांगितलेली कसोटी येथे लावून पाहावी. तिन्ही उत्तरांत यंत्राचे खरे वर्तन आले आहे. तारेचे मोल शब्दांवर आकारीत, ही अलंकारिक कल्पना नव्हे, तर तार-कचेरीचा नियम होता. म्हणूनच हा दृष्टांत टिकला. भारतात २०१३ साली तारसेवा बंद झाली. आता त्याच दृष्टांतास तळटीप लागते. यंत्र गेले म्हणजे दृष्टांत मरत नाही, पण त्याचा प्रकाश मंदावतो. म्हणून प्रत्येक पिढीने आपले दृष्टांत आपल्या यंत्रांतून घ्यावे लागतात.

४. वीज, रेयॉन आणि भ्रमणध्वनी

विजेच्या दिव्याने धर्मशास्त्रापुढे खरा प्रश्न उभा केला. बटन दाबणे हे ३९ पैकी कोणते कर्म? तापून लाल होणारी तार हा अग्नी होय काय? रब्बी श्लोमो झल्मन आउअरबाख यांनी १९३५ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 'हझोन ईश' या नावाने प्रसिद्ध असलेले रब्बी अब्राहाम कारेलिट्झ यांचे मत असे की, विद्युत्मंडल पूर्ण करणे हे 'बांधकामा'त मोडते. आउअरबाख यांना ते मान्य झाले नाही. या वादात आपणांस महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, दोन्ही पक्षांनी आधी वीज कशी वाहते हे समजून घेतले. येथे यंत्र दृष्टांतापुरते येत नाही. ते निर्णयाचा विषय होते. हिब्रूत निर्णयास 'हलाखा' आणि कथाबोधास 'अग्गादा' म्हणतात. दोहोंस एकच गोष्ट लागते, ती म्हणजे वस्तूचे यथार्थ ज्ञान.

प्रस्तुत लेखक शहाड येथे राहतो. येथील रेयॉनचा कारखाना सर्वांच्या परिचयाचा आहे. लाकडाचा लगदा दाहक सोड्यात मुरवून, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून, दाट मधासारखा 'व्हिस्कोज' द्रव तयार करतात. बारीक छिद्रांतून तो आम्लाच्या कुंडात सोडला की त्याचा धागा बनतो. हा द्रव सारखा पक्व होत असतो. फार काळ थांबविला तर नळ्यांतच घट्ट होतो. असा घाणा आठवड्यातून एक दिवस थांबविता येत नाही. मग शब्बाथाचा बोध येथे निरर्थक ठरतो काय?

तसे वाटत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगारास आठवड्याची सुटी दिली. यंत्र चालू राहिले तरी माणसाने पाळीपाळीने थांबावे, ही त्यातील व्यवस्था. त्याआधी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. लोखंडे यांचा जन्म ठाण्याचा, आणि रविवारच्या बाजूने त्यांनी मांडलेले एक कारण असे की, तो खंडोबाचा वार आहे. शनिवार शब्बाथाचा, सोमवार शंकराचा, रविवार खंडोबाचा. वार निराळे, परंतु बैलाच्या मानेवरून जू एक दिवस उतरले पाहिजे, हा विचार एकच.

आता भ्रमणध्वनीकडे वळू. शहाडहून ठाण्यास जाणाऱ्या सकाळच्या गाडीत पाहावे, तर उभ्याउभ्या बहुतेकांची मान खाली आणि नजर हातातील पडद्यावर. घाण्याच्या बैलास झापड दुसऱ्याने बांधलेली असते. येथे ती आपण स्वतः बांधून घेतो. धर्मनिष्ठ यहुदी मनुष्य शब्बाथ दिवशी हे उपकरण हाती घेत नाही. त्या पंचवीस तासांत त्याचे काही अडते, काही निरोप राहून जातात. परंतु आपण त्या यंत्राचे धनी आहो की बैल, याची परीक्षा त्यास दर आठवड्यास देता येते.

दुसरा बोध वाणीविषयीचा आहे. दुसऱ्याची निंदा, मग ती खरी असली तरी, यहुदी परंपरेत 'लाशोन हारा' म्हणजे 'दुष्ट जीभ' ठरते. तालमूदात असे म्हटले आहे की, ती तिघांस मारते : बोलणाऱ्यास, ऐकणाऱ्यास आणि ज्याच्याविषयी बोलले त्यास. रब्बी इस्राएल मेईर कागान यांनी १८७३ साली या एकाच विषयावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज कोणा अज्ञाताचा निरोप आपण एका स्पर्शाने शंभरांस पुढे धाडतो. 'मी लिहिले नाही, केवळ पुढे पाठविले' ही आपली सबब. परंतु तिघांच्या त्या हिशेबात पुढे धाडणारा एकाच वेळी ऐकणाराही असतो आणि बोलणाराही. जुन्या तारेत शब्दास मोल होते म्हणून जीभ आवरे. आता पाठविणे जवळजवळ फुकट झाले. मोल मात्र राहिलेच आहे, ते दुसऱ्या कोणास द्यावे लागते.

५. उपसंहार

१९४८ नंतर बेने इस्राएल समाजाचा मोठा भाग इस्राएलात गेला. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच काही धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली. विवाहाच्या वेळी वंशाची चौकशी लावण्यात आली, आणि मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली हा प्रश्न निवळला. अशा प्रसंगी 'शनिवार तेली' या शब्दाचे मोल कळते. वंशावळी हरवतात, ग्रंथ नसतात, परंतु शेजाऱ्याने सहज ठेवलेले नाव खोटी साक्ष देत नाही. त्या नावात एका थांबलेल्या घाण्याची नोंद आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. येथे उरलेली कुटुंबे आता थोडी आहेत. ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात सणांची जुनी नावे, म्हणी आणि कीर्तनांतील दृष्टांत अद्याप ऐकावयास मिळतात. विद्यार्थ्यांनी ते ध्वनिमुद्रित करून घ्यावेत, आणि घेताना केवळ शब्द न टिपता ज्या वस्तूवरून शब्द पडला तिचे वर्तनही विचारावे : अनशीचे मडके केव्हा झाकीत, बैल केव्हा सोडीत, दार कोण लावी. वस्तूचे वर्तन समजल्यावाचून तिचा बोध समजत नाही, हे सादिगुराच्या गुरूस जितके ठाऊक होते, तितकेच शनिवारच्या तेल्यासही ठाऊक होते. फरक इतकाच की, तेल्याने ते सांगितले नाही. घाणा थांबवून दाखविले.