पेशींचा पडदा बशीवरून सुटतो कसा ?

नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे तोच १०-१२ अंशांच्या आसपास उतरतो. ह्या दोन टोकांमधला ३२ अंश सेल्सिअस हा आकडा कोणाच्या लक्षांतही राहणार नाहीं. परंतु पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइड अशा लांबलचक नांवाच्या एका कृत्रिम पदार्थाच्या बाबतींत हाच आकडा निर्णायक ठरतो. ह्या पदार्थाच्या पातळ लेपामुळें माणसाच्या पेशी प्रयोगशाळेंत वाढवून त्यांचा अखंड पडदा अलगद काढणें, व दृष्टि गमावलेल्या डोळ्यावर तो बसविणें शक्य झालें आहे. ह्या करामतीचें मर्म मात्र लेपावर येऊन बसणाऱ्या प्रथिनांत आहे.

दूध पिऊन ठेवलेला कांचेचा पेला नुसत्या पाण्यानें विसळला, तर त्यावर एक धूसर पापुद्रा राहतो. दुधांतील प्रथिनें व स्निग्धांश कांचेला धरून बसलेले असतात. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणु असे चिकटून राहतात, त्या क्रियेस अधिशोषण म्हणतात. शोषणांत पदार्थ आंत मुरतो. अधिशोषणांत तो केवळ वर बसतो.

प्रयोगशाळेंत पेशी वाढवितात त्या बहुधा पॉलिस्टायरीन ह्या प्लॅस्टिकच्या उथळ बशांत. बशींतील पोषक द्रवांत सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर निथळणारा द्रव, मिसळलेला असतो. हा द्रव ओततांच, पेशी तळाशीं स्थिरावण्यापूर्वींच, प्रथिनें तळ व्यापून टाकतात. अल्ब्युमिनसारखीं विपुल प्रथिनें प्रथम येतात. मागाहून येणारीं, परंतु पृष्ठभागाची अधिक ओढ असलेलीं प्रथिनें त्यांना सारून त्यांची जागा घेतात. ह्या अदलाबदलीचा अभ्यास करणाऱ्या लिओ व्रोमन ह्या शास्त्रज्ञाचेंच नांव तिला मिळालें आहे. अल्ब्युमिनवर पेशींस पाय रोवतां येत नाहीं. फायब्रोनेक्टिन व व्हिट्रोनेक्टिन ह्या प्रथिनांना मात्र त्या घट्ट धरून बसतात. तात्पर्य, पेशी प्लॅस्टिकला चिकटत नाहीं. ती प्लॅस्टिकवरील प्रथिनाला चिकटते. सतरंजी अंथरल्यावांचून बैठक बसत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

वाढ पूर्ण झाली कीं खरी अडचण उभी राहते. पेशी सोडविण्यासाठीं ट्रिप्सिन नांवाचें पाचक द्रव्य वापरण्याची जुनी पद्धति आहे. ट्रिप्सिन प्रथिनें कापतें. तें ही सतरंजी तर कापतेंच, पण शेजारशेजारच्या पेशींना जोडणारे दुवेही तोडतें. मग हातीं येतात त्या सुट्या पेशी. विणलेलें वस्त्र हवें असतां सुताचे तुकडे पदरीं पडावे, तशी ही गत.

ह्या अडचणीवर उपाय ३२ अंशांच्या गुणांतून निघाला. वर सांगितलेला पदार्थ बहुवारिक आहे. म्हणजे एकाच घटकाच्या पुनरावृत्तीनें त्याचे लांब सांखळीसारखे रेणु बनलेले असतात. टोरोंटो येथील हेस्किन्स व गिलेट ह्यांनीं १९६८ सालीं त्याच्या वागणुकीचें वर्णन प्रसिद्ध केलें. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते; हा पदार्थ उलट थंड पाण्यांत विरघळतो, आणि ३२ अंशांच्या वर पाण्यांतून वेगळा होऊन तें दुधाळ करतो. थंड असतांना त्याच्या सांखळ्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उष्णता वाढतांच पाणी सुटतें व सांखळ्या आकसतात. १९९० सालीं जपानमधील तेरुओ ओकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा पदार्थ बशीच्या तळाशीं जोडून पेशी वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. ३७ अंशांवर तळ पाणी झिडकारतो, फायब्रोनेक्टिन त्यावर बसतें, व पेशी वाढतात. बशी २० अंशांवर ठेवली कीं तळ पाणी धरून फुगतो, आणि सबंध पडदा सुटूं लागतो. खालचें प्रथिन पडद्यासवेंच निघून येतें व नव्या जागीं तेंच डिंकाचें काम करतें.

लेपाची जाडी मात्र नेमकी साधावी लागते. ती १५ ते २० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा कांहीं हजारांवा भाग, असेल तर हें सारें घडतें. ती ३० नॅनोमीटरच्या आसपास गेली, तर ३७ अंशांवरही प्रथिनें नीट बसत नाहींत व पेशी निराधार राहतात. पातळ लेपांतील सांखळ्या प्लॅस्टिकला जखडलेल्या असल्यानें चांगल्या कोरड्या पडतात. जाड लेपाचा वरचा थर मोकळेपणानें थोडें पाणी धरून राहतो. शिवाय सुटण्याच्या कामीं पेशीही स्वतःची ऊर्जा खर्चून आकसतात. म्हणून बशी फार गारठविली तर काम लांबतें.

ह्या खटाटोपाचें मोल डोळ्याच्या उदाहरणावरून कळतें. पानठेल्यावरील चुन्याची पुडी फुटून चुना मुलाच्या डोळ्यांत उडाला, तर बुबुळाच्या कडेवरील मूलपेशी कायमच्या जळूं शकतात, व पारदर्शक पडदा गढूळ होतो. अशा वेळीं डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवावा व मग रुग्णालय गांठावें. एकच डोळा गेला, तर दुसऱ्याच्या मूलपेशी घेतां येतात. दोन्ही डोळ्यांच्या मूलपेशी नष्ट झालेल्या ४ रुग्णांवर जपानमधील कोजी निशिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेले उपचार २००४ सालीं प्रसिद्ध झाले. रुग्णाच्याच तोंडांतील ३ मिलिमीटर चौरस त्वचेपासून दोन आठवड्यांत पडदा वाढविण्यांत आला, थंड करून सोडविण्यांत आला, व टांका न घालतां डोळ्यावर ठेवण्यांत आला. चौघांचीही दृष्टि सुधारली.

महाराष्ट्रांतही ह्या कुळांतील पदार्थांचा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रघुनाथ माशेलकर, आशीष लेले आदि संशोधकांनीं १९९० नंतरच्या दशकांत असे जेल कां फुगतात व कां आकसतात, ह्याचें गणित हायड्रोजन-बंधांच्या आधारें मांडलें. परंतु सूत्र कागदावर कितीही चोख असलें तरी बशीला बाहेरची हवा लागतेच. नागपुरांत मे महिन्यांत पंख्याखालच्या टेबलावर पारा ३२ च्या खालीं येणें कठीण. तेथें पडदा सोडविण्यास थंड खोलीच हवी. जानेवारींत संकट उलट : रात्रीं वीज जाऊन उबविण्याची पेटी निवली, तर पडदा पुरा विणला जाण्यापूर्वींच तळ फुगेल व पेशी सुटतील. म्हणून अशा पेटीला विजेची राखीव सोय असणें ही चैन नव्हे. रुग्णाची दृष्टि तीवर अवलंबून असते.