नकल पुरी झाली काय?

शाळेंत असतांना आम्ही फळ्यावर श्लोक लिहून मुलांस उतरून घेण्यास सांगत असूं आणि थोड्या वेळानें विचारीत असूं, "झालें काय?" सारा वर्ग एकमुखानें "हो" म्हणे. वह्या पाहाव्यात तों कोणाचा एक चरण गळलेला, कोणाचें पान कोरेंच! 'झालें' या शब्दावर विसंबूं नये हा धडा पस्तीस वर्षें दुसऱ्यांस दिला. स्वतः मात्र तो आम्ही उतारवयांत, संगणकापाशीं शिकलों.

आमच्या आजोबांची रोजनिशी नागपुरास थोरल्या बंधूंकडे होती. कागद इतका जीर्ण कीं, पान उलटतांच त्याचा चुरा व्हावा. म्हणून बंधूंनीं प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन तें आपल्या संगणकांत ठेविलें. तीं छायाचित्रें रोज रात्रीं पुण्यास आमच्याकडे आपोआप यावींत यासाठीं पुतण्यानें आज्ञांची एक यादी, जिला स्क्रिप्ट म्हणतात, लिहून दिली. पहिली आज्ञा : नागपुराहून फाइली उतरून घे. दुसरी : तेथें जागा थोडी, सबब तेथील फाइली पूस. तिसरी : 'नकल पुरी झाली' असें लिही. एके रात्रीं आमची डिस्क भरली व नकल अर्ध्यावर थांबली. पुढील दोन्ही आज्ञांनीं मात्र आपलें काम चोख बजावलें. १९२८ सालचीं, म्हणजे आमच्या तीर्थरूपांच्या जन्मवर्षाचीं, अठरा पानें गेलीं तीं गेलींच.

दोष यंत्राचा नव्हता. प्रत्येक आज्ञा संपतांना एक अंक मागें ठेवते. शून्य म्हणजे कार्य सिद्धीस गेलें. दुसरा कोणताही अंक म्हणजे विघ्न. १९९६ पासून प्रचारांत असलेली आरसिंक ही आज्ञा तर विघ्नाचा प्रकारही सांगते : ११ म्हणजे फाइल लिहितां वा वाचतां आली नाहीं, २३ म्हणजे कांहीं फाइली आल्या नाहींत, ३० म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. आमच्या स्क्रिप्टनें तो अंक पाहिलाच नाहीं.

तेव्हां पहिला नियम हा कीं, अंक शून्य असेल तरच पुढील आज्ञा चालवावी. दुसरा, विघ्नाविघ्नांत भेद करावा. दळणवळण तुटलें तर प्रत्येक खेपेस अंतर वाढवीत तीन-चार वेळां प्रयत्न करावा. परंतु डिस्क भरली किंवा प्रवेशाची किल्ली नाकारली गेली, तर शंभरदां दार ठोठावून काय उपयोग? तेथें थांबून माणसास हांक मारावी. तिसरा, फाइल आधीं तात्पुरत्या नांवानें उतरावी व पुरी झाल्यावरच तीस खरें नांव द्यावें. आरसिंक असेंच करते.

शून्यही कधीं कधीं फसवितें. कर्ल या आज्ञेस मागितलेली फाइल दूरच्या संगणकांत न सांपडली, तर 'सांपडली नाहीं' असें सांगणारें पानच ती फाइल म्हणून ठेवून घेते आणि शून्य देते. 'फेल' हा पर्याय दिला म्हणजेच ती २२ हा अंक देऊन अपयश कबूल करते. म्हणून दोन्हीं ठिकाणीं फाइलीची मुद्रा काढून ताडावी. शा-२५६ या रीतीनें ती चौसष्ट अक्षरांची निघते आणि मजकुरांत एक अक्षर बदललें तरी सारी पालटते. वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं संहितेचें रक्षण केलें, तें याच बुद्धीनें.

शेवटीं, अपयशाची वार्ता पोंचते कीं नाहीं हेंही पाहावें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत मुख्य माहितीसंग्रह चुकून पुसला गेला. पाहतात तों रोजची राखीव नकल कित्येक दिवस निघतच नव्हती. तशीं सूचनापत्रें यंत्र पाठवीत होतें, पण तीं टपालव्यवस्थेनें परत लाविलेलीं! सहा तासांपूर्वीं हातानें काढलेल्या एका प्रतीनें पुष्कळसें वांचविलें.

पुसण्याची आज्ञा आम्हीं आतां यादींतून काढूनच टाकली आहे. मुद्रा जुळल्या म्हणजे बंधु व आम्ही दूरध्वनीवर एकमेकांस विचारतों आणि मगच तें काम हातानें होतें. ज्यांच्या घरीं असें जुनें धन संगणकांत असेल, त्यांनीं 'नकल झाली' एवढ्यावर न थांबतां एकदां वही उघडून पाहावी, हीच विनंति.