पहिली चूक शोधावी

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 2022 साली ‘परम प्रवेग’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची क्षमता 3.3 पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे 33 लक्ष अब्ज गणिती क्रिया. तथापि अशा यंत्राचे पूर्ण बळ वापरायचे, तर रेणूंच्या हालचालींचे गणित करणारी ‘ग्रोमॅक्स’सारखी आज्ञावली मूळ संहितेपासून त्या यंत्रासाठीच घडवावी लागते.

घडण अडली की नवशिका शेवटची ओळ वाचतो. तेथे केवळ काम थांबल्याची वार्ता असते. कारण बहुधा पहिल्या त्रुटीत दडलेले असते. पुढील त्रुटी तिच्यातूनच उद्भवतात. ती कोणत्या टप्प्यावर आली, हे पाहावे. पूर्वतयारीतच फूरिए रूपांतराची लायब्ररी सापडली नाही, तर ती यंत्रावर नाही अथवा तिचा मार्ग सांगितलेला नाही. संहितेचे भाषांतर करताना अडचण आली, तर कंपायलर जुना असू शकतो. अखेरच्या जोडणीत एखाद्या नावाची व्याख्या न मिळाल्यास लायब्ररी जोडायची राहिली, किंवा ती भिन्न कंपायलरने बनली असावी. दुरुस्तीनंतर जुने अवशेष पुसून नव्याने आरंभ करावा.

घडण निर्विघ्न झाली तरी आज्ञावलीसोबतच्या चाचण्या अवश्य चालवाव्यात. अडलेली घडण निदान बोलते. चुकीचे उत्तर मात्र मूकपणे निष्कर्षात शिरते.