वैद्यकीय प्रवेश आणि साध्या कामांचे मोल

भारतात वैद्यकीय शिक्षणाचे दार ‘नीट’ परीक्षेतील गुणांवर उघडते. विद्यार्थ्याने अभ्यासाव्यतिरिक्त काय केले, याची तेथे पृच्छा होत नाही. अमेरिकेत मात्र सर्वसाधारणपणे आधी पदवी आणि नंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा क्रम असून, गुणांबरोबरच अर्जदाराचे अनुभव आणि स्वभावगुणही पारखले जातात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींना व त्यांच्या पालकांना त्यामुळे एक चिंता सतावते. रुग्णालयात स्वयंसेवा, लहान मुलांची शिकवणी, दुकानात अर्धवेळ नोकरी, एवढीच शिदोरी असलेल्या विद्यार्थ्याचा निभाव कसा लागावा?

चिंता अनाठायी नाही. अलीकडच्या वर्षांत तेथील एम.डी. अभ्यासक्रमासाठी दरवर्षी ५० हजारांहून अधिक अर्जदार असतात आणि प्रवेश सुमारे २३ हजारांना मिळतो. तथापि अर्जाचे स्वरूप समजून घेतल्यास मार्ग दिसू लागतो.

बहुतांश महाविद्यालयांचे अर्ज ‘अॅमकास’ या सामायिक यंत्रणेमार्फत भरले जातात. त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव नोंदविता येतात व प्रत्येकासाठी ७०० अक्षरचिन्हांची मर्यादा असते. त्यांपैकी तीन अनुभव ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून प्रत्येकाविषयी आणखी १,३२५ अक्षरचिन्हांत लिहिता येते. सर्व १५ रकाने भरलेच पाहिजेत, असे बंधन नाही. विशेष म्हणजे पगारी नोकरी आणि छंद यांनाही या अर्जात स्वतंत्र स्थान आहे. दुकानातील गल्ल्यावर बसून शिक्षणाचा खर्च भागविणाऱ्याने ते लपविण्याचे कारण नाही.

साधे काम उठून दिसते ते प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट सातत्य. दहा ठिकाणी आठवडाभर डोकावण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन-तीन वर्षे टिकून राहणे आणि हळूहळू अधिक जबाबदारी स्वीकारणे अधिक बोलके ठरते. दुसरी गोष्ट चिंतन. ‘रुग्णांची चाकाची खुर्ची ढकलली’ हे वाक्य हजारो अर्जांत असते. परंतु इंग्रजी न समजणारी वृद्धा औषधांच्या सूचना ऐकून केवळ मान डोलावते आहे, हे ध्यानी येऊन आपण परिचारिकेला दुभाषी बोलावण्यास सांगितले, आणि त्यातून संवादाविषयी काय उमगले, हे लिहिणारा विद्यार्थी परीक्षकांच्या लक्षात राहतो. अर्थात लिहिलेले खरे असावे; मुलाखतीत त्याच अनुभवांविषयी खोदून विचारले जाते. यासाठी कामाच्या दिवशीच चार ओळींची टिपणवही ठेवावी.

येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. सुट्टीत मुलाला मायदेशी पाठवून ओळखीच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन देण्याचा वा टाके घालण्याचा ‘अनुभव’ मिळवून देण्याचा मोह टाळावा. प्रशिक्षण नसताना असे उपचार करण्याविरुद्ध अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने स्पष्ट इशारा दिलेला आहे. त्यात रुग्णाला धोका असतो आणि अर्जदाराच्या विवेकावर प्रश्नचिन्ह उमटते. निरीक्षण करण्यास मात्र हरकत नाही.

हेही स्पष्ट असावे, की उत्तम लेखन कमकुवत गुणांची उणीव सहसा भरून काढत नाही. मात्र गुण पुरेसे असताना केवळ उपक्रम साधे आहेत म्हणून कोणी खचून जाऊ नये. डॉक्टरच्या आयुष्यातील बहुतेक दिवस साध्याच कामांचे असतात. ती कामे मन लावून करणारा तरुण प्रवेशाच्या पुष्कळ आधीपासूनच त्या जीवनाची तयारी करीत असतो.