मुलांसाठी क्लॅरिनेट घेताना काय पाहावे?



आपल्या घरांतून पेटी आणि तबला शिकणारी मुले पुष्कळ आहेत. फुंकून वाजवायच्या वाद्यांकडे मात्र थोडीच वळतात, आणि त्यांतली बरीचशी बासरीवर थांबतात. एखाद्या मुलाला किंवा मुलीला क्लॅरिनेटची, म्हणजे बँडवाले ज्याला क्लारनेट म्हणतात त्या वाद्याची ओढ लागली, तर पालक गोंधळतात. पेटी कुठे मिळते, कोणती चांगली, दुरुस्ती कोण करतो हे आदिलाबादेत चार जणांना विचारले तर कळते. क्लॅरिनेटबद्दल विचारायला माणूस सापडत नाही. मग ऑनलाइन चित्र पाहून किंवा दुकानदार म्हणेल ते घेतले जाते. वाद्य गळके किंवा बेसूर निघाले तर मूल सहा महिने दम काढते, सूर लागत नाही, आणि शेवटी ‘मला जमत नाही’ म्हणून पेटीत ठेवून देते. वाद्याचा दोष मुलाच्या माथी बसतो. तसे होऊ नये म्हणून ही माहिती.

हे वाद्य आपल्याला परके नाही

सुमारे 1700 साली जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे डेनर यांच्या कारखान्यात क्लॅरिनेट घडले. इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर ते भारतात रुजले आणि तिथून लग्नाच्या वरातीत आले. वरातीत गाण्याची चाल गळ्यासारखी ओढून वाजवायची तर ती बहुधा क्लॅरिनेटवरच. पण त्याची मजल वरातीपुरती नाही. तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत क्लॅरिनेटला मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. रायचूरकडचे पं. नरसिंहलू वडवाटी यांनी त्यावर हिंदुस्थानी रागदारी वाजवली. 1956 पर्यंत रायचूर आणि आदिलाबाद दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आपल्या जिल्ह्यात गोंड बांधवांच्या दंडारीत पेपरे वाजते, लग्नात सनई वाजते. फुंकवाद्याचा सूर आपल्या कानाला नवा नाही. नवीन आहे ती खरेदी.

पहिला प्रश्न : वाद्य कोणत्या पट्टीचे?

दुकानात गेल्यावर ‘क्लॅरिनेट द्या’ म्हणून भागत नाही, कारण क्लॅरिनेट वेगवेगळ्या पट्ट्यांची असतात. सर्वांत जास्त चालते ते ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेट. पेटीच्या भाषेत त्याचा मूळ सूर काळी पाच. डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे ठेवून जो सूर निघतो, तो पाश्चात्त्य पुस्तकात ‘सी’ म्हणून लिहिलेला असतो, पण पेटीवर पाहिले तर तो काळी पाच असतो. याखेरीज पांढरी सहाचे ‘ए’, पांढरी एकचे ‘सी’ आणि काळी दोनचे लहान, तीक्ष्ण आवाजाचे ‘ई फ्लॅट’ अशी वाद्ये मिळतात.

मुलाचा हात लहान आहे म्हणून ‘ई फ्लॅट’ घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. लहान वाद्यावर ओठांची जरा चूक झाली तरी सूर हलतो, त्यामुळे ते नवशिक्याला अधिक अवघड जाते. नऊ-दहा वर्षांचे, पुढचे पक्के दात आलेले आणि बोटांनी भोके नीट झाकू शकणारे मूल ‘बी फ्लॅट’ वाजवू शकते. उजव्या अंगठ्यावर भार फार येत असेल तर गळ्यात अडकवायचा पट्टा वापरावा.

आपल्याकडे भजनात किंवा भावगीताला साथ करायची असते, म्हणून हेही ध्यानात ठेवावे. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर बी फ्लॅट क्लॅरिनेटवर ‘डी’च्या बोटांवर सा धरावा लागतो. काळी एकमध्ये गात असेल तर ‘ई फ्लॅट’च्या बोटांवर, आणि गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर सरळ ‘सी’च्या बोटांवर. काळी चार मात्र अडचणीची. तिथे सा नेमका वाद्याच्या दुबळ्या सुरांवर येतो. घरात किंवा मंडळात रोज कोणत्या पट्टीत गायले जाते ते आधी पाहून ठेवावे.

दुसरा प्रश्न : कळांची रचना कोणती?

आपल्या बाजारात दोन रचना दिसतात. एक जुनी ‘अल्बर्ट’ रचना, साधारण 13-14 कळांची. बँडमध्ये आणि मेरठच्या बनावटीत ती अजून चालते. दुसरी ‘बोएम’ रचना, 17 कळा आणि 6 कड्यांची. क्लोझे आणि ब्यूफे यांनी ती 1839 च्या सुमारास पॅरिसमध्ये सिद्ध केली, आणि आज परदेशी कंपन्यांची बहुतेक वाद्ये हिच्यावरच असतात.

यांत श्रेष्ठ कोण हा वाद इथे नको. अल्बर्टवर उघडी भोके जास्त, म्हणून बोट हळूहळू सरकवून मींड काढणे सोपे जाते. बोएमवर बोटांची मांडणी सुटसुटीत असते आणि पुस्तके, व्हिडिओ बहुतेक तिच्यासाठीच मिळतात. नियम एकच : गुरूजींकडे जी रचना आहे तीच घ्यावी. गुरूजी अल्बर्टवर आणि विद्यार्थी बोएमवर, असे झाले की दोघांचेही वर्ष वाया जाते. ऑनलाइन शिकायचे असेल तर बोएम घ्यावे.

तिसरा प्रश्न : लाकूड, एबोनाइट की प्लॅस्टिक?

चांगली महाग क्लॅरिनेट आफ्रिकेतल्या ग्रेनाडिला नावाच्या काळ्या, कठीण लाकडाची असतात. आवाज सुंदर, पण लाकूड हवेला जपते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर येतो. थंडीत सकाळी गारठलेल्या वाद्यात एकदम गरम श्वास फुंकला तर नवे लाकूड तडकू शकते. नवशिक्याने हा धोका घेण्याचे कारण नाही.

एबोनाइट म्हणजे कडक रबर. त्याला भेगा जात नाहीत, आवाज भरीव येतो आणि किंमत आवाक्यात राहते. उन्हात राहून ते हिरवट-तपकिरी पडते. तो दोष फक्त दिसण्याचा आहे, आवाजाचा नव्हे. एबीएस प्लॅस्टिकची वाद्ये हलकी आणि हवेला न जुमानणारी असतात. यामाहाचे वायसीएल-255 हे विद्यार्थ्यांचे प्रसिद्ध वाद्य याच प्लॅस्टिकचे आहे. ‘प्लॅस्टिकचे’ म्हणून नाक मुरडू नये. अशा वाद्यावर मुलाची पहिली चार-पाच वर्षे निर्धास्त जातात.

मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या बनतात. नादिर अली कंपनी तिथे 1885 पासून आहे. भारतीय बनावटीचे वाद्य काही हजारांत मिळते. यामाहा किंवा ब्यूफे कंपनीच्या विद्यार्थी वाद्याला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. भारतीय वाद्य वाईटच असते असे नाही, पण एकाच कारखान्याच्या दोन नगांत फरक पडतो. म्हणून ते न वाजवता, न तपासता घेऊ नये. नामांकित कंपनीचे, नीट दुरुस्त केलेले जुने प्लॅस्टिकचे वाद्य मिळाले तर तोही उत्तम मध्यममार्ग.

घरात किंवा नातेवाइकांकडे आजोबांच्या काळचे विलायती वाद्य असेल तर त्यावर इंग्रजीत ‘एचपी’ किंवा ‘एलपी’ अशी अक्षरे आहेत का पाहावे. ‘एचपी’ म्हणजे उंच पट्टी. 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी लष्करी बँड आजच्या 440 ऐवजी सुमारे 452 कंपनांवर ‘ए’ लावत. हा फरक जवळजवळ अर्ध्या पट्टीच्या निम्मा, म्हणजे कानाला बोचणारा. असे वाद्य आजच्या पेटीशी काही केल्या जुळत नाही. ते आठवण म्हणून जपावे, मुलाच्या हाती शिकायला देऊ नये.

तुलना कशी करायची?

शक्य असेल तर वाजवणारा जाणकार सोबत न्यावा. नागपूर आपल्यापासून सुमारे 200 किलोमीटर, हैदराबाद सुमारे 300. एक दिवस आणि एका माणसाचा प्रवासखर्च गेला तरी तो पुढे वसूल होतो. दुकानात या क्रमाने पाहावे :

1. सर्व वाद्यांवर एकच माउथपीस आणि एकच रीड वापरावी. प्रत्येकावर वेगळी रीड लावली तर तुलना रीडची होते, वाद्याची नाही.

2. गळती पाहावी. वाद्याचा एकेक जोड सुटा घेऊन भोके बोटांनी बंद करावीत, खालचे तोंड तळहाताने दाबावे आणि वरून हवा ओढावी. आतली ओढ दोन-चार सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर पॅड नीट बसत नाहीत. नवशिक्याच्या चिरक्या सुरांचे कारण पुष्कळदा हेच असते.

3. पाच-दहा मिनिटे वाजवून वाद्य तापू द्यावे. थंड वाद्य उतरलेलेच वाजते. मग मोबाइलवरचे ट्यूनर 440 वर ठेवून एकेक सूर तपासावा.

4. खालचा आणि वरचा सूर जुळतो का पाहावे. बासरी किंवा सनई जोरात फुंकली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिनेटचे तसे नाही. नळी सरळ आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून अंगठ्याची कळ दाबली की सा च्या जागी तार सप्तकातला प निघतो. बासरीवरून येणाऱ्या मुलांना हेच आधी चक्रावते. स्वस्त वाद्यात हा प चढा किंवा उतरा निघतो, आणि अशी चूक बनावटीतलीच असल्यामुळे रियाजाने सुटत नाही.

5. मधले सूर ऐकावेत. अंगठा आणि बोटे जवळजवळ उघडी असतात तिथले सूर सगळ्याच क्लॅरिनेटवर थोडे फिके असतात. ते किती फिके आहेत आणि तिथून वरच्या सुरांवर जाताना आवाज तुटतो का, हे पाहावे.

6. कळा हलक्या हाताने दाबून पाहाव्यात. धातू मऊ असेल तर त्या वाकतात, आणि वाकलेली कळ सरळ करणारा कारागीर आपल्या गावात नाही.

7. शेवटी पालकांनी पाठ फिरवून उभे राहावे आणि वाजवणाऱ्याने दोन-तीन वाद्ये नाव न सांगता वाजवावीत. चकाकी आणि किंमत दिसेनाशी झाली की कान खरे सांगतो.

सगळे पैसे वाद्यावर घालू नयेत

ठरवलेल्या रकमेतला काही भाग माउथपीस आणि रीडसाठी राखावा. साध्या वाद्याला चांगला माउथपीस, उदाहरणार्थ यामाहाचा 4सी किंवा व्हँडोरेनचा बी45, लावला तर आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा फरक पुष्कळदा वाद्य बदलूनही पडत नाही. पुढे वाद्य बदलले तरी माउथपीस कामी येतो. रीड 2 किंवा अडीच नंबरची घ्यावी. कडक रीडने मुलाचे गाल दुखतात आणि ते वाद्यालाच कंटाळते. एकच रीड रोज न वापरता तीन-चार आलटून पालटून वापराव्यात. गावात रीड मिळत नसल्याने दहाचा डबा एकदम आणावा.

वाजवून झाल्यावर आतून कापड ओढून ओल पुसावी, कॉर्कला ग्रीस लावावे, रीड काढून ठेवावी. उन्हाळ्यात वाद्य उभ्या मोटारीत कधीही ठेवू नये. एवढी निगा राखली तर वर्षातून एकदा नागपूर-हैदराबादेत दाखवून भागते.

शेवटी एक सूचना. पहिले तीन महिने वाद्य उसने किंवा भाड्याने मिळते का, हे ओळखीच्या बँडवाल्यांना जरूर विचारावे. त्यांच्याकडे सीझन नसताना वाद्ये पडून असतात, आणि शिकवण्याइतके कसबही त्यांच्याच हातात आहे. मुलाचा कल टिकला तर मग वरच्या क्रमाने खरेदी करावी. ज्यांच्या घरी वापरात नसलेले चांगले वाद्य असेल त्यांनी मंडळाकडे तसे कळवावे. दोन घरांची गाठ पडली तर एका मुलाच्या शिक्षणाची सोय होईल.